दोन एकटी हाडं

पलूस-सांगली एसटीत प्राचीचा डोळा लागला आणि मांडीवरच्या नोट्स शेजाऱ्याच्या पायांत विखुरल्या. त्यानं वाकून एकेक कागद गोळा केला, नीट लावला आणि तिच्या हातात दिला. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, वर फक्त दोन डोळे… हसरे.

“थँक्यू,” ती म्हणाली. त्यानं नुसती मान हलवली.

शिष्टच दिसतोय! पण धड रागवायचंही त्राण डॉक्टर प्राची चौगुलेच्या अंगात नव्हतं. सांगलीच्या दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांची तोंडं उघडायची, मंगळवारी सकाळी पलूसचं शिबिर, पहाटे उठून पुढच्या परीक्षेचा अभ्यास. त्या परीक्षेनं दोनदा पाणी पाजलं होतं. आताशा तिला सगळ्याचाच शीण यायचा, अगदी केस विंचरण्याचासुद्धा.

तासाभरानं तोच टॉवेल दवाखान्यात तिच्यासमोर खुर्चीत येऊन बसला. सोडला, तर आत वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधलेले. केसपेपरवर नाव होतं गोमटेश मगदूम, द्राक्ष बागायतदार, पलूस. बागेत मांडवाची तार ताणताना लोखंडी अँगल सुटून हनुवटीवर बसला होता. मोठ्या डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात जबडा बांधला होता. आता दर मंगळवारी तपासायचं काम प्राचीकडे होतं.

“मघाशी बोलला का नाहीत?”

“तारा,” तो दातांआडून म्हणाला. “तुमच्याच हायत.”

किती दिवसांनी ती खुदकन हसली!

“त्या कागदात एकटी हाडं म्हून लिवलंवतं,” त्यानं विचारलं. “ती कंची?”

“चेहऱ्यात चौदा हाडं. बारा जोडीनं असतात, डावं-उजवं. एकटी दोनच. एक तुम्ही मोडलंत ते, खालचा जबडा. चेहऱ्यात हलणारं हाड तेवढंच. चावणं, बोलणं, सगळा भार त्याच्यावर.”

“आनि दुसरं?”

“व्होमर. नाकाच्या आत, मधल्या पडद्यात. श्वासाच्या दोन वाटा वेगळ्या ठेवतं. नांगराच्या फाळासारखं दिसतं म्हणतात.”

“नाकात फाळ?” त्याचे डोळे हसले. मग तिच्याकडे बघत तो हळूच म्हणाला, “मंजी तुमच्यागत. कुनाला दिसत न्हाई… काम चालूच.”

प्राचीचा हात दात तपासायच्या आरशावरच थांबला. घरात, दवाखान्यात, हे कुणाच्याच कधी लक्षात आलं नव्हतं.

मग मंगळवार येत राहिले. त्याचं दातांतलं बोलणं बाकी कुणाला कळायचं नाही, तिला मात्र अक्षर न् अक्षर कळायचं. ती विचारायची, “काय प्यायलात?” तो सांगायचा, “आंबील, दूध, डाळीचं पानी. समदं दिवस मावळायच्या आत. तुमच्या घरीबी तसंच असंल की!” तसंच होतं. दोघांचीही घरं जैनांची. संध्याकाळी सूर्याशी शर्यत लावत डबा संपवताना आता तिला उगीचच पलूसची आठवण व्हायची.

चौथ्या मंगळवारी ती सहज बोलून गेली, “रविवारी साताऱ्याहून पाहुणे येणारेत. मला बघायला. बाबांना मी होय म्हणून टाकलंय.”

“पोरगा… आवडला?”

“बघितलाय कुठे! पण नाही म्हणायला कारण शोधावं लागतं. मला आता शोधायचासुद्धा कंटाळा आलाय.”

दोनच दिवसांनी, गुरुवारी, तो गाल धरून अवेळी हजर झाला. तारा करकचून पिळलेल्या, त्यांच्यावर पकडीचे ओरखडे.

“हे कुणी केलं?”

“मीच. सैल लागली. बागंत ताणतो तशी जरा—”

“तुमच्या द्राक्षाचा मांडव आहे का हा?” प्राचीचा आवाज चढला. “वाकडं जुळलं असतं हाड! जन्मभर दात नीट मिटले नसते! सांगून सांगून थकले मी, कुणी ऐकतच नाही माझं… कुणीच नाही…” आणि ती चक्क रडायलाच लागली. परीक्षा, बाबा, रविवार, सगळं एकदम डोळ्यांवाटे वाहायला लागलं.

त्यानं टॉवेलचं कोरडं टोक तिच्यापुढे धरलं.

“चुकलं. घट्ट केल्यावर हाड लौकर जुळंल, रविवारच्या आदी तारा निगतील, वाटलं.”

“रविवारच्या आधी कशाला?”

तो कानापर्यंत लाल झाला. “ती… दात मिटून सांगायची गोष्ट न्हाई.”

एक्स-रे काढला, नशिबानं हाड जागेवर होतं. तिनं तारा नव्यानं बांधल्या. पण निघणार होत्या त्या मंगळवारीच, रविवार उलटून गेल्यावर.

मंगळवारी तिनं एकेक तार कापली. तोंड जेमतेम बोटभर उघडलं.

“बोला आता,” ती म्हणाली.

“पाठ केलंवतं,” तो अडखळला. “समदं इसरलो. तुमी मला लय आवडता… एवडंच ऱ्हायलंय. पन उशीर झाला न्हवं? रविवार…”

“शनिवारी मी साताऱ्याला फोन केला. येऊ नका म्हटलं.”

“कारन… घावलं?”

“हं. पलूसचं आहे.” तिनं नजर वळवली. “आणि त्या हाडांचं एक सांगायचं राहिलं होतं. एकटी दिसतात, पण बाळ जन्मतं तेव्हा ती दोन-दोन असतात. दोन तुकडे मधोमध जुळून एक होतं. जबड्याचे हनुवटीपाशी जुळतात.”

“किती दिस लागत्यात?”

“जबड्याला वर्षभर. व्होमरला कितीतरी वर्षं.”

“मग आपन जबड्याचंच धरू,” तो घाईघाईनं म्हणाला. “येत्या रविवारी येऊ? आई-आण्णांस्नी घिऊन?”

पाच मंगळवार ज्या जबड्याची तिनं काळजी वाहिली होती, तो आता हसायला बघत होता आणि दुखत असल्यामुळे अर्ध्यातच थांबत होता. आपला शीण कुठे गेला, हे प्राचीला कळलंच नाही.

“दिवस मावळायच्या आत या,” ती म्हणाली. “आणि पोहे चावायचे नाहीत हं अजून. तुमच्यापुरती मी आंबील करून ठेवते.”