गोणपाटाखालचे ओठ

पटलं नाही तर सोडून द्या, पण यातलं काहीही मी रचलेलं नाही. गेल्या जानेवारीतली गोष्ट. कोलकात्याजवळ, बजबजच्या पुढे, हुगळीच्या काठावर.

माझी धाकटी बहीण देवयानी शिल्पकार. तिथल्या घोषबाबूंना आपल्या आंब्याच्या बागेत वडिलांचा वीस फुटी चेहरा उभारायचा होता. नदीकडे बघणारा. देवयानीचं हे पहिलंच मोठं काम.

मातीचा चेहरा झाला. साचा घ्यायचा तेवढा बाकी होता.

पण तोंड मिटेना.

संध्याकाळी ती ओठ जुळवायची, वर ओलं गोणपाट बांधायची. सकाळी बघावं तर... ओठ उघडे.

आधी म्हणाली, "माती सुकतेय." मग म्हणाली, "मजूर चेष्टा करतायत." नंतर नुसती माती थापत राहायची.

घोषबाबू रोज ओरडायचे, "माझे वडील असे आ वासून बसायचे नाहीत!"

एका शनिवारी मी डमडमहून मदतीला गेलो. दिवस कलला होता. ओठ मिटवून, गोणपाट बांधून आम्ही शिडीवरून उतरलो.

बागेतले पक्षी एकदम गप्प झाले.

वारा नव्हता. तरी तोंडापाशी गोणपाट आत ओढलं गेलं... बाहेर आलं... पुन्हा आत.

"दादा, तुला दिसतंय ना?"

मी मान हलवली. तिला रडू फुटलं. भीतीनं नाही, संतापानं.

"मग मी करू काय? किती वेळा तेच तेच करू?"

आवाज ऐकून घोषबाबूंची म्हातारी आई काठी टेकत आली. तिनं गोणपाट काढायला लावलं. ओठ पुन्हा उघडलेले. बराच वेळ वर बघत राहिली.

"शेवटी ते असेच होते," ती बंगालीत म्हणाली. "पाणी मागत होते. डॉक्टर नको म्हणाले होते, म्हणून मुलानं देऊ दिलं नाही."

तिनं तांब्या भरून आणवला. मी शिडी चढून पाणी त्या ओठांवर ओतलं.

आतून घोट घेतल्याचा आवाज आला... खरंच आला.

सकाळी ओठ मिटलेले होते. साचा निघाला, सिमेंटचा चेहरा उभा राहिला. देवयानी मात्र चिडलेलीच. "म्हणजे माझ्या हातांचं यात काहीच नाही!"

म्हातारी रोज चेहऱ्यापुढे पाणी ठेवायची. पावसाळ्यात ती गेली.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्या बागेत गेलो होतो.

भर दुपार. एकही पक्षी नाही.

ओठ उघडे होते.

सिमेंट आहे हो ते. कुठे तडा नाही, भेग नाही...

देवयानीचा मेसेज आलाय, "गेला होतास ना? फोटो पाठव."

अजून पाठवलेला नाही.