भरून परत आलेलं यान

रिकामं मालयान उतरताना पाहिलं की ते रिकामं आहे हे लगेच कळतं. त्याचे चार पाय जमिनीला टेकतात, जरासे वाकतात आणि पुन्हा ताठ होतात. भरलेलं यान मात्र गुडघ्यात वाकलेलंच राहतं. शलाका चौगुले उजेडवाडीच्या तळावरल्या काचेच्या सज्जात काचेला नाक टेकवून उभी राहायची आणि हे सगळं मन लावून पाहायची. अभ्यासात इतकं लक्ष घातलं असतं तर आईची कटकट वाचली असती, पण ते असो.

त्या दिवशी पृथ्वीकडून यान आलं, टेकलं, आणि त्याचे पाय वाकले ते वाकलेच.

"हे भरलेलं आहे!" शलाका पुटपुटली. "पण खालून आपल्याला कोण काय पाठवणार?"

प्रश्न रास्त होता. खालून, म्हणजे पृथ्वीवरून, काही मागवावं लागत नाही याचाच तर उजेडवाडीला अभिमान होता. हे गाव चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ एका डोंगरमाथ्यावर वसलेलं. तिथे सूर्य जवळजवळ मावळतच नाही, त्यामुळे विजेची ददात नव्हती. बाहेर निर्वात (हवा अजिबात नसलेली पोकळी), त्यामुळे धातू ओतताना त्यात बुडबुडे शिरायची भीती नव्हती. आणि चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूला स्वतःकडे ओढणारं बळ) पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढं, त्यामुळे माल आकाशात सोडायला इंधनही थोडं लागायचं. शलाकाची आई इथे आली तेव्हा चार घुमट आणि एक भट्टी होती. आता पृथ्वीवरचा जवळपास प्रत्येक पंप उजेडवाडीचा होता. नावात वाडी असली तरी तिच्या सरपंचबाईंनी नुसत्या भुवया उंचावल्या की खालच्या बड्या देशांच्या मंत्र्यांची झोप उडायची.

गावाची एक रीत होती. चांगलं असेल ते खाली विकायला जायचं आणि उरलंसुरलं घरात वापरायचं. जगातले उत्तम पंप बनवणाऱ्या या गावात घराघरांत हवा खेळवणारे पंप मात्र पहिल्या घुमटाच्या काळातले होते. शलाकाच्या घरातला तर मध्येच दम खायचा. तो थांबला की सगळे बोलणं थांबवून त्याच्याकडे पाहत, आणि तो पुन्हा घरघरू लागला की गप्पा पुढे सुरू होत. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नसे.

यानाचं दार उघडलं. आत आपल्याच गावचे पंप होते, खोक्यांची वेष्टनंसुद्धा न फोडलेले. आणि त्या खोक्यांमागून, बांधलेले पट्टे सोडवत, शलाकाचे आजोबा बाहेर आले.

आजोबा कोल्हापूरचे. अर्थशास्त्रज्ञ (लोक काय बनवतात, काय विकतात आणि त्यावर कसे जगतात याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ) म्हणून त्यांचं नाव होतं. शलाकाची आई, वृंदा, त्यांची मुलगी. ती तळाची मुख्य अधिकारी होती आणि गावच्या पंचमंडळातही होती. वडिलांना पाहून ती धावली, पण मागची खोकी दिसली आणि तिचा चेहराच उतरला.

"आबा, माल परत का आला?"

"पृथ्वीभोवतीच्या तळावर उतरवूनच घेतला नाही, बाळ. आणि मागून आणखी यानं येतायत. तीसुद्धा भरलेली."

 घरी जाईपर्यंत आईने शलाकाचा हात घट्ट धरून ठेवला होता. शलाका आता मोठी होती, असा हात कुणी धरत नसे. म्हणूनच ती घाबरली.

त्याचं कारण सांगायला हवं. पंप विकले गेले नाहीत तर भट्ट्या बंद होणार, आणि ज्यांची भट्टी बंद होईल त्यांनी पृथ्वीवर परत जायचं, असं पंचमंडळाने आधीच ठरवून ठेवलं होतं. बाबा ज्या भट्टीवर काम करत तिचा नंबर पहिला होता. शलाका पृथ्वीवर जन्मलेली, तिला जमलं असतं. पण तिचा धाकटा भाऊ निमिष चंद्रावर जन्मला होता. त्याची हाडं आणि त्याचं हृदय इथल्या हलक्या वजनात वाढलेलं. पृथ्वीवर पाऊल टाकताच त्याचं वजन सहापट झालं असतं. डॉक्टर म्हणाले होते, "हृदयाला ते झेपेल असं मी सांगू शकत नाही." हे वाक्य शलाकाने दाराआडून ऐकलं होतं आणि तेव्हापासून ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

"आजोबा," घरी पोचल्याबरोबर तिने विचारलं, "लोकांना आपले पंप आवडेनासे झाले का?"

"आवडतात की! पण घेणार कशानं? तुझा रणजितमामा काय करायचा सांग बघू."

"पंप बनवायचा."

"व्हय. तुमचे पंप आले, स्वस्त आणि मजबूत. सुरुवातीला सगळ्यांचं भलंच झालं. माळावर पाणी चढलं, लहानसहान दवाखान्यांना यंत्रं परवडली. खोटं कशाला बोलू, मामानंसुद्धा घरी तुमचाच पंप बसवला. मग मामाचा पंप कोण घेणार? कारखान्याला कुलूप लागलं. त्याची माणसं घरी बसली. आता घरी बसलेला माणूस तुमचा पंप विकत घेईल काय?"

शलाकाने नकारार्थी मान हलवली. शाळेत निर्यातीचा (आपला माल बाहेर विकण्याचा) धडा चालू असताना खालचा एखादा कारखाना बंद पडल्याची बातमी आली की वर्ग टाळ्या वाजवायचा. कोल्हापूरचं नाव आलं त्या दिवशी तिनेही वाजवल्या होत्या. तेव्हापासून मामाचा फोन येत नव्हता. आता तिला स्वतःची लाज वाटली.

"पण आत्तापर्यंत माल खपत होताच ना?"

"उधारीवर," आईच खालच्या आवाजात म्हणाली. "त्यांच्याकडे द्यायला काही उरलं नाही, तेव्हा आम्हीच त्यांना उधार देत होतो. आमचाच माल घेण्यासाठी."

ऐकणाऱ्याला हसू येईल, पण शहाण्यासुरत्या माणसांनी हे वर्षानुवर्षं केलं होतं आणि त्याला प्रगती म्हटलं होतं.

एवढ्यात शेजारच्या लतिकाकाकूंकडून पाहुण्यांसाठी वाटीभर शेवाळाच्या वड्या आल्या. आईने वड्या काढून घेतल्या, वाटी धुतली आणि सवयीने डब्यातली चिमूटभर साखर तिच्यात घालून वाटी परत द्यायला शलाकाच्या हाती ठेवली. साखर तिथे औषधासारखी जपून वापरत, तरीही.

"का गं वृंदा," आजोबा म्हणाले, "साखर कशाला घातलीस?"

"वाटी रिकामी परत करतात का, आबा?"

"मग तुमची यानं रिकामी परत आलेली कशी चालतात तुम्हाला?"

 आजोबा शलाकाकडे वळले.

"ऐक. तुम्ही खाली खूप विकता, ती तुमची निर्यात. खालून जे घ्याल ती आयात. ती तर तुमच्याकडं जवळपास नाहीच. विकणं घेण्यापेक्षा जास्त झालं की त्याला आधिक्य म्हणतात, आणि त्याचा तुम्हाला लै अभिमान. पण इकडं आधिक्य झालं की तिकडं कुणाची तरी तेवढीच तूट (विकण्यापेक्षा घेणं जास्त) होते. सगळ्या जगाला एकाच वेळी आधिक्य मिळत नसतं. म्हणून खालच्या देशांनी घाबरून आता आयातशुल्क (बाहेरच्या मालावरचा कर) इतकं वाढवलंय की तुमचा माल दारातूनच परत फिरला. रागावून नाही गं, भिऊन केलंय त्यांनी."

"सरपंचबाई आधीपासूनच म्हणतायत, माल अडकला तर भाव निम्म्यावर आणू," आई म्हणाली. "सगळ्यांनी एक वेळ कमी जेवायचं आणि दुप्पट माल काढायचा."

"म्हणजे उरलेसुरले कारखानेही बंद पडतील आणि घेणारे आणखी कमी होतील."

 नेमका तेव्हाच भिंतीतला पंप थांबला. निमिष कोपऱ्यात खेळत होता, तो खोकू लागला. सगळे पंपाकडे पाहत राहिले. शलाकाला मात्र भीती आणि राग एकदम आला.

"तळावर एवढे नवे पंप पडलेत! त्यातला एक इथे का नाही बसवत?"

"ते विकायचे आहेत, शलाका."

"पण कुणी घेत नाहीये ना!"

आई हसली, आणि मग पंपाकडे नीट पाहू लागली. पंप घरघरत पुन्हा सुरू झाला.

"पोरीनं मुद्द्याला हात घातला," आजोबा सावकाश म्हणाले. "यालाच अंतर्गत मागणी (आपला माल आपल्याच माणसांनी वापरणं) म्हणतात. पण घरातल्या या जुन्या नळ्यांना नवे पंप बसतील?"

"नाही बसणार. जोड लागतील, वेगवेगळ्या मापांचे. आमची यंत्रं एकच माप ओततात."

"आणि असे जोड कोण बनवतं?"

आईने मान वर केली. "दादा," ती म्हणाली. दादा म्हणजे रणजितमामा; तो पंपांबरोबर हर मापाचे जोडही बनवायचा.

सभा मोठ्या घुमटात भरली. मुलं मागच्या पायऱ्यांवर बसली होती आणि शलाकाने निमिषला मांडीवर घट्ट धरलं होतं. आई बोलायला उठली. आधी पंप आपल्या घरांत बसवू, ती म्हणाली. त्यासाठी जोड, शिवाय बियाणं, औषधं, शिक्षक खालून घेऊ. हलक्या वस्तू वर आणायला इंधन परवडतं. खालच्यांना काम मिळालं तरच ते उद्या आपलं काही घेतील.

"आणि तोवर दुसऱ्या डोंगरावरची वसाहत आपलं गिऱ्हाईक पळवेल," सरपंचबाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. चार घुमटांपासून त्यांनी हे गाव उभं केलं होतं आणि पोटाला चिमटा काढण्यापलीकडे दुसरा उपाय त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"पळवू देत," आई म्हणाली. "त्यांचीही यानं भरून परत येतील."

हात वर झाले. शलाकाने डोळे मिटून घेतले. आईचा ठराव अगदी थोड्या मतांच्या फरकाने मंजूर झाला, तोही सहा महिन्यांपुरता. तोवर एकही कुटुंब खाली जायचं नाही. मात्र खालचे कारखाने सुरू झाले नाहीत, तर जुनाच निर्णय लागू.

"आजोबा, सहा महिन्यांनी काय होईल?"

"माहीत नाही, बाळ. इतकं गुंतलेलं एका सभेत सुटत नसतं. खाली किती हातांना काम मिळतं त्यावर आहे."

मग शलाकाला एक विचित्र गोष्ट उमगली. निमिष इथे राहणार की नाही हे आता कोल्हापुरातल्या एका कारखान्यावर अवलंबून होतं. ज्याच्या कुलपावर तिने टाळ्या वाजवल्या होत्या, त्याचं दार उघडावं म्हणून ती रोज मनातल्या मनात विनवण्या करू लागली.

जोडांची मागणी खाली गेली आणि काही आठवडे काहीच कळलं नाही. अखेर तिनेच मामाला फोन लावला. चंद्रावरून आवाज पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर परत यायला तेवढाच वेळ.

"मामा, मी शलाका. कारखाना उघडलास का रे?"

ती वाट पाहत राहिली. इतका लांब वेळ तिने आयुष्यात काढला नव्हता.

मग मामाचा आवाज आला. मागे कसला तरी खडखडाट चालला होता, म्हणून तो ओरडूनच बोलत होता. "उघडलाय की! जुनी माणसं आल्यात कामाला. सगळी न्हाईत, पण आल्यात. पहिले जोड यानात चढलेसुद्धा. आईला सांग, रुसवा सोडला म्हणून. आणि आमचा निमिष कसा हाय?"

शलाकाने मागे वळून पाहिलं. निमिष उड्या मारून छताला हात लावत होता आणि स्वतःवरच खूश होऊन हसत होता.

"आहे," ती म्हणाली. "इथेच आहे."