गार राहणारं कार्ड

हे कार्ड हाती लागलं तर डेर्लिस ओबेलारच्या पदरात काय पडणार होतं? एक तर मेहुण्याचं तोंड बंद होणार होतं. गल्लीतली पोरं ‘कोणतं कार्ड घेऊ?’ विचारायला पुन्हा त्याच्याच दारी येणार होती. आणि तिसरी गोष्ट तो कोणाजवळ बोलला नव्हता. त्याचा संगणकावरचा खेळ म्हणजे रिकामटेकडेपणा, असं आयुष्यभर म्हणत आलेली त्याची आई, फिदेलिना, या वेळी बघायला बसणार होती. नुकसानीची बाजू मात्र त्याने मांडलीच नव्हती. एवढा शहाणा माणूस, आणि ती बाजू कोरी!

मेहुणा म्हणजे विल्डो. मागच्या शर्यतीत ऐन वळणावर डेर्लिसच्या जुन्या कार्डाने चित्र गोठवलं आणि पडद्यावरची त्याची गाडी कठड्यावर आदळली. तेव्हापासून विल्डो भेटला की म्हणे, “दाजी, वळण आलं की आवाज द्या हं. थांबतो मी.”

ब्राझीलच्या सीमेवरच्या सिउदाद देल एस्ते शहराच्या बाजारात पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड निवडायचं म्हणजे खाणीतलं कार्ड ओळखून टाळायचं. धरणाच्या स्वस्त विजेवर आभासी नाणी ‘खणणाऱ्या’ गोदामांत ही कार्डं रात्रंदिवस राबतात. मग झाडूनपुसून, डब्यात घालून दुकानात येतात आणि पुलापलीकडची ब्राझिली गिऱ्हाइकं ती हसत नेतात. डेर्लिस फसणाऱ्यातला नव्हता. तो स्क्रूवरचे ओरखडे बघे, पंखा बोटाने फिरवून कानाशी धरी, जळकट वास घेई, आणि सगळ्यात शेवटी कार्ड चालू करून त्याच्या पाठीवर तळहात टेकवी. राबलेलं कार्ड चटकन तापतं. ही परीक्षा साऱ्या गल्लीला त्यानेच शिकवली होती.

तळघरातल्या गाळ्यात ओब्दुलिया नावाच्या म्हातारीने एक कार्ड काढून दिलं. पूर्ण जोराने चालवलं, तरी तळहाताला गारच.

“मावशी, हे तापत कसं नाही?”

“तापतं की.”

“कुठे तापतंय? हात लावून बघा.”

“इथे नाही तापत,” म्हातारी डबा बांधत म्हणाली. “घरी कोण असतं?”

“बायको, आई.”

“आई आहे ना? मग झालं.”

विकणारी माणसं काहीबाही बोलतात. डेर्लिसने मनाशी पक्कं केलं, गार कार्ड म्हणजे निरोगी कार्ड, आणि डबा छातीशी धरून तो घरी आला.

चित्र असं उमटलं की ओल्या रस्त्यावर ढगांच्या कडा दिसाव्यात. तो हरखून गेला. ओसरीवरून आई म्हणाली, “आज फारच उकडतंय रे.” जानेवारी होता, तिकडचा ऐन उन्हाळा. सगळ्यांनाच उकडत होतं.

दुसऱ्या दिवशी सराव चालू असताना तिने मानेवर ओला पंचा टाकला. त्याने यंत्र बंद केलं तशी तिने शाल मागितली. दवाखान्यात नेलं, तर ताप नाही. डॉक्टर म्हणाले, “तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत.”

मग डेर्लिसने चित्राची बारकाई, म्हणजे कार्डावरचा भार, वाढवून पाहिली. ओसरीवर खुर्ची करकरली. त्याने बारकाई कमी केली. करकर थांबली.

पुन्हा वाढवली.

तो उठून कार्डाला हात लावून आला. गार. मग आईच्या कपाळाला लावला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“आई, मी हे परत देतो.”

“गप्प बस. सगळ्या बायकांना सांगून बसलेय मी, रविवारी या म्हणून.” तिचे ओठ सुकले होते. “विल्डोला हरवणार आहेस ना?”

“हरवेन. पण तू...”

“तू तुझं बघ.”

आव्हान देणाऱ्याच्या घरी शर्यत, ही गल्लीची रीत. रविवारी दुपारी विल्डो आपलं यंत्र घेऊन आला. अंगण भरलं. फिदेलिना नवा झंपर घालून सगळ्यांच्या पुढे बसली. मांडीवर बर्फाच्या पाण्याचा जग होता.

“दाजी, वळण आलं की...”

“मेहुणे, वळणावर माझा मागचा दिवा बघा. तेवढाच दिसेल.”

लोक हसले. सर्वांत मोठ्याने फिदेलिना.

शेवटच्या फेरीला दोघं बरोबरीत होते. डेर्लिसचं बोट बारकाईच्या बटणावर गेलं. कमी केली तर चित्र मळकट होणार, वळण उशिरा दिसणार आणि विल्डो निसटणार. त्याने मागे पाहिलं. आईचा चेहरा तांब्यासारखा लाल झाला होता.

तिने मान हलवली. नाही.

त्याने बोट उचललं.

वळण आलं. गेलं.

अंगण ओरडलं. बायका फिदेलिनाकडे वळल्या. “नशीबवान गं बाई!” ती ताठ बसली होती, हसत. पापणी हलत नव्हती.

डेर्लिसने कार्डावर हात ठेवला. दव धरलं होतं.

नाव डेर्लिसचं झालं. पैसे ओब्दुलियाला पोचले. विल्डोने मान खाली घातली, त्याचं देणं चुकतं झालं. उरलेलं सगळं आईने एकटीने भरलं होतं, आणि तिच्या दोन्ही हातांत घट्ट धरलेल्या जगातलं पाणी अजून उकळत होतं.