कव्हरची सोंगटी

सांगूनही कुणाला पटायचं नाही, पण चिपळुणात अनंता रेडीज नावाचा असा कॅरमपटू होता, की त्याने नुसती नजर रोखली तरी सोंगटी आपल्या पायांनी खिशात जायची. अंतिम सामना सोडून. तिथे दरवर्षी समोर थोरला भाऊ विश्राम बसायचा आणि अनंता हातातला डाव घालवायचा.

यंदा त्याने अख्ख्या मंडळासमोर शपथ घेतली होती, हरलो तर पुन्हा बोर्डाला हात लावणार नाही. म्हणून तर कानामागे चुगलमणी चिकटवला होता. सिगारेट सोडणारे, वजन उतरवणारे, हल्ली सगळेच तो लावत. मन आपल्यापासून लपवून हाताला जो हुकूम सोडतं, तो हा मणी वाटेतच पकडायचा आणि आपल्याच आवाजात कानात सांगून टाकायचा.

“कानात मशीन?” विश्राम खिजवत म्हणाला. “पुढच्या वर्षी बोटंही भाड्याने आण.”

“तू खेळ रे.”

“जोर जास्त लाव, स्ट्रायकरच जाऊ दे खिशात,” मणी कुजबुजला. अनंताने बोट सैल केलं. सोंगटी अलगद गेली. पुन्हा चुगली, पुन्हा दुरुस्ती. विश्रामच्या शिव्या वाढत चालल्या.

राणी गेली. आता कव्हर म्हणून आपली उरलेली एकच सोंगटी घेतली की सामना खिशात. आणि ती तर खिशाच्या तोंडाशीच होती, फुंकरीनेही गेली असती.

“चुकव,” मणी म्हणाला.

अनंताने बोट सावरलं, पण मणी थांबेना. “वहिनी गेली. पोरगी फोन उचलत नाही. घरात दादाशी बोलतात ते हे जिंकलेले कपच. तेही काढून घेणार?”

इतकी वर्षं अनंता स्वतःला भित्रा समजत होता.

त्याने टिचकी मारली. स्ट्रायकर सोंगटीला वळसा घालून लाकडावर आपटला. राणी परत मधोमध आली आणि विश्रामने एका दमात उरलेला बोर्ड साफ केला. टाळ्या वाजल्या. विश्राम मात्र जागचा हलला नाही.

“ती कशी चुकली?”

“पावडर कमी होती,” अनंता म्हणाला. “स्ट्रायकर अडला.”

“खोटं!” विश्राम इतक्या जोराने ओरडला, की टाळ्या थांबल्या. “गेल्या वर्षी जिंकलेल्याचा मान म्हणून पावडर मीच मारलीय, ह्या हातांनी! काढ तो मणी. ऐकू दे मला. इतक्या कपांतला एक तरी माझा आहे का रे?”