पहिल्या मजल्यावरची तक्रार

रूपाली आणि प्रणयची पहिली गाठ पडली ती टेबलाखाली. ती तिथं नेटवर्कची केबल तपासत होती, तो पडलेलं पेन उचलायला वाकला, आणि दोघांची डोकी अशी आपटली की बस्स!

"आई गं!"

"सॉरी, मॅडम... पण अजून एकदा आपटावं लागंल. नायतर शिंगं येतात म्हणं."

"येऊ द्या. तुम्हाला शोभतील!"

वाळूजच्या त्या कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर रूपाली एकटीच सांभाळायची. कन्नडची पोरगी, जिभेला धार, कामाला वाघ. प्रणय पाचोडचा, पहिल्या मजल्यावर बसून यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढायचा. दिसायला बरा, हसायला त्याहून बरा, आणि बोलायला — ते शिंगांचं सोडलं तर पार मुखदुर्बळ.

पण त्या दिवसापासून त्याच्या कॉम्प्युटरला काय झालं, कोण जाणे! सारखा फोन. "मॅडम, कीबोर्ड चालंना." रूपाली वर जायची, निघालेली वायर खोचायची. "मॅडम, स्क्रीन काळी पडली." ती जायची, स्क्रीनचं बटण दाबायची.

"इंजिनिअर ना तुम्ही?"

"व्हय... पण तुमचा हात लागला की कसं लगेच चालतं..." एवढं बोलून तो कानापर्यंत लाल व्हायचा.

आता रूपाली काय दूधखुळी होती? तिला सगळं कळत होतं. आणि खरं सांगायचं तर, फोन आला नाही की तिचंही कामात लक्ष लागत नसे. पण आधी त्यानं बोलावं, हा तिचा हट्ट.

अशात कारखान्यात नवे सर्व्हर आले. नवे कसले, निम्मे तर दुसऱ्या शाखेनं टाकून दिलेले म्हातारे! एकेकाला पेनड्राइव्ह लावून सिस्टीम टाकत बसलं असतं तर दिवाळी उजाडली असती. कारखान्याचे मॅनेजर बद्रीनाथ साहेब म्हणाले, "जमत नसेल तर सांगा, पुण्याच्या लोकांना काम देतो. मग तुमची इथं गरज काय, तेही बघावं लागेल."

रूपाली इरेला पेटली. तिनं नेटवर्कवर एक मशीन उभं केलं. कुठलाही सर्व्हर चालू होऊन "मला सिस्टीम कोण देतं?" असं नेटवर्कवर विचारायला लागला की हे मशीन त्याला हवी ती फाइल देणार, त्याची जुनी डिस्क पुसणार आणि नवी सिस्टीम आपोआप बसवणार. म्हाताऱ्यांना एक फाइल लागायची, नव्यांना दुसरी. त्यावरून आधी नुसता गोंधळ झाला. शनिवारी मात्र सगळे सर्व्हर गुमान चालू झाले. रूपालीला नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात वरून बोंब आली. रूपाली धावत वर गेली. प्रणयच्या कॉम्प्युटरमधलं सगळं पुसलं गेलं होतं! सोमवारी ग्राहकाला द्यायचं ड्रॉइंग गायब, आणि त्या जागी कोरी करकरीत सर्व्हरची सिस्टीम.

बद्रीनाथ साहेब तणतणत आले. "आज एक गेलं, उद्या अख्खा कारखाना पुसाल! बंद करा हे सगळं. सोमवारी पुण्याचे लोक येतील."

"साहेब, विचारल्याशिवाय माझं मशीन कुणाला काही देत नाही." रूपाली पुढं झाली. "इथले सगळे कॉम्प्युटर चालू होताना सिस्टीम आधी स्वतःच्या डिस्कमध्ये बघतात. मी स्वतः तसं लावलंय. यानं नेटवर्कला विचारलं, म्हणजे... कुणीतरी सेटिंग बदललंय."

"कुणी? भुतानं?"

रूपालीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी बदललं, साहेब," प्रणय म्हणाला.

"तू? अन् ते कशाला?"

"नेटवर्कवर उत्तर द्यायला कुणी नसलं की कॉम्प्युटर नुसता अडून बसतो, बिघडत काय नाय. म्हटलं, मॅडमला बोलवायला बरं पडंल... वायरी उपटून उपटून माझी मलाच लाज वाटायला लागली होती. खाली त्यांनी काय चालू केलंय, ते मला ठाऊक नव्हतं."

"पण बोलवायचं कशाला?"

प्रणयनं साहेबांकडं पाहिलं, कान टवकारून बसलेल्या सगळ्यांकडं पाहिलं... आणि एका दमात सांगून टाकलं. "मला त्या लई आवडतात, साहेब! त्या वर आल्या की माझा दिवस बरा जातो. यात त्यांची चूक नाय. काढायचं तर मला काढा."

शेजारच्या टेबलावरच्या सरिताताईंच्या हातून डबा खाली पडला.

"अरे मर्दा," साहेबांनी कपाळाला हात लावला, "मग चहाला विचारायचं! कारखाना कशाला बुडवतो?" मग रूपालीकडं वळून म्हणाले, "तुमचं काम राहू द्या चालू. पुण्याचं मी बघतो. आणि हा उद्या रविवारी येऊन ड्रॉइंग परत काढेल."

साहेब गेले. रूपालीनं डोळे पुसले आणि कडाडली, "मला सांगायला काय झालं होतं? माझी नोकरी जात होती!"

"चुकलं..."

"चुकलंच! मी रोज खाली फोनची वाट बघते, अन् तुम्ही सेटिंगशी खेळत बसता!"

"रोज... वाट?"

रूपालीनं जीभ चावली. पण आता लपवून करणार काय?

"व्हय, रोज. आवडता तुम्ही मला." तिनं मान वर केली. "उद्या डबा घेऊन येते. पण कॉम्प्युटर धड असला पाहिजे. दुरुस्तीला नाय, तुमच्याजवळ बसायला येतेय मी."