सहाव्या कलमावर ठोका नाही

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या मिनतवाऱ्या करणार नाही.

पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. आणि आत्या म्हणजे खोटं बोलणं तर सोडाच, काना-मात्रेची चूकही खपवून न घेणारी बाई.

रात्र नव्हती. मंगळवार होता, दुपारचे अडीच. जागा म्हणजे छापखान्याची मागची खोली.

आत्या तिथे एकतीस वर्षं प्रुफं तपासते. एक टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीत ती, दुसरीत भोंगेराव. त्यांचं खरं नाव वेगळं, पण आवाज असा दणदणीत, की शेजारच्या खोलीतलं छपाईयंत्रही त्यांच्यापुढे मवाळ वाटायचं.

दोघांची कामाची एक रीत होती. भोंगेराव मूळ मजकूर मोठ्यांदा वाचायचे, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. आत्याची नजर छापलेल्या प्रुफावर. वाक्य बरोबर असलं की ती पेन्सिल टेबलावर आपटायची.

टक.

म्हणजे ठीक आहे, पुढे चला. टक झालं नाही, तर भोंगेराव जागच्या जागी थांबायचे. कितीही वेळ.

"ठोका बाईंचा," ते सगळ्यांना सांगायचे. "तो मागायचा नसतो."

पाच महिन्यांपूर्वी छापखान्यात पहिला नवा कॉम्प्युटर आला, तो भोंगेरावांसाठी. चालू केल्यावर आधी परवान्याच्या अटी येतात ना, मैलभर लांब? त्या न वाचता त्यांनी 'मान्य आहे' दाबलं.

"बाई, जन्मभर लोकांचं वाचलं. आता आपलं कोण वाचत बसतंय!"

आठवड्याभरात त्यांचा घसा बसला. मग आवाज गेलाच. डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे, काही दोष नाही. हा एवढा भोंगा माणूस चिठ्ठ्या लिहून पाणी मागायला लागला. दोन महिन्यांत झोपेतच गेला.

आत्याने तेव्हा संबंध जोडला नव्हता. कोण जोडेल?

त्या मंगळवारी तिच्यासाठी नवा कॉम्प्युटर आला.

"फक्त 'मान्य आहे' दाबा आणि कामाला लागा," मॅनेजर म्हणाला. "पुस्तक उद्या छापायला जायचंय."

"वाचून दाबते."

"अहो, ते कुणी वाचतं का?"

"स्वतःच्या लग्नपत्रिकेतल्या सात चुका काढल्यात मी. हे वाचणार नाही होय?"

मॅनेजरने कपाळावर हात मारला आणि निघून गेला. आत्याने चष्मा पुसला. पहिलं कलम वाचायला घेतलं.

आणि तेवढ्यात...

शेजारचं यंत्र थांबलं.

तिने वर पाहिलं. पंखा फिरत होता, पण त्याची रोजची कुरकुर ऐकू येत नव्हती. दारापलीकडे कामगार हसताना दिसत होते. त्यांचंही हसू ऐकू येत नव्हतं.

मग रिकाम्या खुर्चीतून...

"कलम पहिलं, पूर्णविराम. हे यंत्र वापरणारा, स्वल्पविराम, यापुढे ज्याला वापरकर्ता म्हटलं जाईल..."

भोंगेराव!

तोच आवाज. आजारपणाआधीचा, दणदणीत. आत्याला भीती वाटलीच नाही, ती नंतर मला म्हणाली. इतका आनंद झाला की डोळे भरून आले. समोर मजकूर, कानात तो आवाज. एकतीस वर्षांचा हात. त्याने आपोआप पेन्सिल उचलली.

टक.

पडद्यावरचा मजकूर आपोआप वर सरकला.

दुसरं कलम. टक.

तिसरं. चौथं. पाचवं. ओळींवरून नजर फिरत होती, पण मन त्या आवाजात अडकलं होतं.

सहाव्या कलमाला मात्र पेन्सिल हवेतच राहिली.

"वापरकर्त्याचा आवाज, स्वल्पविराम, आजवरचा व यापुढचा, स्वल्पविराम, परवाना देणाऱ्याच्या मालकीचा राहील, पूर्णविराम."

आत्याने मजकूर मागे सरकवला. वरच्या पाचही कलमांपुढे बारीक अक्षरं होती...

मान्य. मान्य. मान्य. मान्य. मान्य.

तिने 'मान्य आहे'ला हातही लावला नव्हता. तिचे ठोके मोजले गेले होते.

पहिली चार कलमं नुसत्या व्याख्यांची होती. पाचव्यात लिहिलं होतं, 'वापरकर्त्याची गुणगुण परवाना देणाऱ्याच्या मालकीची राहील.' आत्या काम करताना सारखी काहीबाही गुणगुणते. तिने करून पाहिलं. ओठांतून नुसती हवा आली. बोलता येत होतं, पण सूर गेला होता.

आता ती घाबरली. खूप घाबरली.

आवाज थांबला होता. वाट बघत होता.

बराच वेळ गेला. मग...

"बाई, ठोका द्या."

एकतीस वर्षांत या माणसाने ठोका मागितला नव्हता.

"द्या ना, बाई. तुम्ही दिलात की मी सुटतो."

या वेळी आवाज दबलेला होता. कुणी गळा धरून बोलायला लावावं तसा.

आत्या रडली. तिने ते माझ्यापासून लपवलं नाही. हात पेन्सिलीकडे गेलाही. पण मग तिला रागच आला. एका भल्या माणसाचा आवाज चोरायचा, आणि वर त्याच आवाजात भीक मागायची?

तिने लाल पेन्सिल घेतली आणि पडद्याच्या काचेवरच, सहाव्या कलमावर, मजकूर गाळून टाकायची खूण केली.

"भोंगेराव, तुम्हीच असाल तर तुम्हाला माहीत आहे, चूक दिसली की मी थांबते," ती म्हणाली. "आणि तुम्ही नसाल, तर जे कोण असाल त्यांनी फुकट घसा कोरडा करू नये. मान्य नाही!"

अडीचचे पाच वाजले. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली.

पाचला मॅनेजर तणतणत आत आला. "एक बटण दाबायला अडीच तास?" म्हणत त्याने माउसकडे हात नेला. आत्याने त्याचं मनगट धरलं.

"सोडा! नोकरी जाईल तुमची."

"गेली तरी चालेल. याला हात लावायचा नाही."

दुसऱ्या हाताने तिने भिंतीतला प्लग उपटला आणि त्याच्यासमोर धरला.

पडदा तसाच चालू होता.

मॅनेजरने प्लगकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. तेवढ्यात रिकाम्या खुर्चीतून कुणीतरी हळूच म्हणालं...

"पूर्णविराम."

मॅनेजर पाठ न वळवता, मागे मागे चालत खोलीबाहेर गेला. नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही.

कॉम्प्युटर अजून तिथेच आहे. प्लग बाहेर, पडदा चालू. आत्या प्रुफं आता पुढच्या खोलीत तपासते. पण रोज अडीचला मागे जाऊन बसते. तो आवाज सहाही कलमं वाचतो. ती ऐकते. ठोका देत नाही.

"अगं, कशाला जातेस तिथे?" मी विचारलं.

"त्यांचा आवाज आहे तो. टाकून येऊ? ज्याने नेलाय त्याला परत करायला लावीन. मी रोज नाही म्हणणार. बघू कोण आधी दमतं."

गेल्या महिन्यात मी तिच्याबरोबर गेले. खरं-खोटं करायला, दुसरं काय!

यंत्र थांबलं. पंखा मुका झाला. आणि मी तो आवाज ऐकला. पहिलं कलम, दुसरं, तिसरं... इतका आपुलकीचा आवाज, की ऐकत राहावंसं वाटलं. सहाव्याला तो थांबला, तेव्हा मी खाली पाहिलं.

माझं बोट टेबलापासून इंचभर वर होतं. मी ते उचललं नव्हतं.

आत्याने झटकन तिचा तळवा माझ्या हातावर दाबला. पडद्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली,

"हिचंही नाही! लिहून घे."