दुसरी नारिंगी टोपी

कुणाला आणायला म्हणून गेलात आणि तो यायच्या आतच माघारी फिरलात, असं तुमच्या हातून कधी झालंय?

व्हर्ना टोलेफसनच्या हातून झालं होतं. तिचा दीर आर्ने वर्षभर तिच्या चेहऱ्यावर ते वाचत होता, आणि वाचून वाचून तोही दमला होता.

नॉर्थ डकोटाच्या त्या माळावर फेझंटच्या, म्हणजे रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या, शिकारीची एक रीत आहे. काही जण दुरून दिसावं म्हणून नारिंगी टोप्या घालून उंच गवतातून चालत पक्षी पुढे रेटतात. गवतात एकमेकांचा अंदाज राहावा म्हणून तोंडाने दोन लांब शिळा घालतात. एक जण पलीकडच्या टोकाला, खडीच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर गाडी घेऊन थांबतो. शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत त्याने जागा सोडायची नाही.

मागच्या नोव्हेंबरात कोपऱ्यावर व्हर्ना होती आणि गवतात तिचा नवरा लाईल, एकटाच. ती वृद्धाश्रमातली रात्रपाळी करून आलेली. बर्फ भुरभुरायला लागलं, डोळे मिटू लागले. ‘लाईल मागच्या बाजूने गेला असेल,’ असं म्हणून ती घरी येऊन झोपली. दोन दिवसांनी तो पाणथळात सापडला, पाणकणसांच्या दाटीत. कोपऱ्यापासून जेमतेम चाळीस पावलांवर.

या ऑक्टोबरात आर्नेने तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला.

“पहिल्या दिवशी फेझंट. दुसऱ्या दिवशी तळ्यावर मासे. तिसऱ्या दिवशी क्रौंच बघायचे. लाईलने क्रौंच पहिल्याच दिवशी ठेवले असते. खांद्यावर बंदूक आणि दिवसभर पक्षी बघत बसणार, असला शिकारी!”

व्हर्ना हसली नाही. “मी थकलेय रे, आर्ने.”

“थकलेली तर तू लग्नाच्या दिवशीही होतीस, वहिनी. कॉफी ओत.”

“मी कोपऱ्यावर उभी राहणार नाही.”

“मग काय माझ्या कुत्रीला गाडी शिकवू? आज नुसतं बघून येऊ. बंदूक नाही, काही नाही. तासाभराचं काम.”

एकदा तिथे उभी राहिली की तिच्या मनातलं ओझं उतरेल, असं त्याला वाटत होतं. त्याचा हेतू वाईट नव्हता.

दुपारी चारला व्हर्ना अखेर तिची गाडी घेऊन कोपऱ्यावर थांबली. आर्नेने आपली गाडी पश्चिमेच्या टोकाला लावली, नारिंगी टोपी घातली आणि गवतात शिरला. गवत छातीला लागत होतं. वारा पडला होता. कुजक्या चिखलाचा वास हळूहळू दाट होत गेला. सवयीने त्याने दोन शिळा घातल्या.

डावीकडून दोन शिळा परत आल्या.

वहिनी आत आली वाटतं, तो मनाशी म्हणाला. त्याला बरं वाटलं. मग साऱ्या वाटेने तो शीळ घालत राहिला आणि डावीकडून उत्तर येत राहिलं, त्याच्या पावलाला पाऊल लावून.

तो बाहेर आला तेव्हा व्हर्ना गाडीत बसली होती. हातातली कॉफी निवली होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या पाठीमागे बघत होती.

“दुसरा कोण आणलास बरोबर?” तिने हळूच विचारलं.

“दुसरा? अगं, तूच ना डावीकडून…”

“मी गाडीतून उतरलेसुद्धा नाही.”

आर्नेने वळून पाहिलं. गवतावर, चाळीस पावलांवर, एक नारिंगी टोपी थांबली होती. खालचा चेहरा दिसत नव्हता. वारा नव्हता, तरी तिच्याभोवतीचं गवत हलत होतं.

“गाडी सुरू कर, वहिनी… चल इथून.”

“तू जा. रस्त्याने जा.”

“वहिनी, तो… तो काही…”

“एक जण अजून आत आहे, आर्ने.” तिचा आवाज शांत होता, फार दमलेला. “मी एकदा निघून गेले. आता नाही जायची.”

आर्ने गेला. त्याची लाज त्याला पुढे कायम राहिली, पण तो गेला. मैलभर रस्ता, मागे न बघता. थोड्या अंतरावर असताना मागून गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग व्हर्नाचा आवाज. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ती वर्षानुवर्षं जे बजावायची, तेच.

“आधी पट्टा लाव. त्याशिवाय गाडी हलायची नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आर्ने तिच्याकडे गेला. गाडी अंगणात उभी होती. व्हर्ना दारात आली. केस विंचरलेले, डोळ्यांखालचं काळं उतरलेलं. “रात्रभर झोपले रे,” ती म्हणाली. “नकाशा आण, तारखा ठरवू.” नकाशा त्याच्या गाडीत होता. तो आणायला जाताना त्याने तिच्या गाडीत डोकावलं. तीन आठवड्यांत पावसाचा थेंब पडला नव्हता. चालकाशेजारच्या रिकाम्या सीटवर पट्टा नीट लावलेला होता, आणि पाणकणसांचा कापूस चिकटलेली ती सीट चिंब ओली होती.